नैरोबी ते व्हिक्टोरिया फॉल्स, लोकल बस आणि टेंट. एकटीने कोणी केलंय का?

नाशिकची_पायवाट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय. मी २९ वर्षांची, नाशिकला असते. जुनी नोकरी सुटली आणि नवीन जॉइन करायला मधे साधारण ९ आठवडे मिळतायत, जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून. असा सलग वेळ परत कधी मिळेल माहीत नाही म्हणून आफ्रिका करायचं ठरवलंय. पॅकेज टूर नकोय. नैरोबीला उतरायचं, टांझानिया, झांबिया करत व्हिक्टोरिया फॉल्सपर्यंत जायचं आणि तिथून परत, सगळं लोकल बस, ट्रेन आणि माझा टेंट. सह्याद्रीत १० वर्षं फिरतेय, एकटीने पण राहिलेय गडांवर, त्यामुळे झोपायची खायची गैरसोय चालते.

बजेट विमान धरून ४ लाख. आता अडचण अशी की मला जनावरं बघायचीयत, त्यासाठीच चाललेय खरंतर, लहानपणापासून डोक्यात आहे ते. पण मसाई माराचं बघितलं तर नुसती एंट्रीच जुलै ते डिसेंबर माणशी २०० डॉलर एका दिवसाला, आणि ते पण सकाळी ६ ते संध्याकाळी ६, वर जीप वेगळी. असे चार दिवस केले की माझे पैसेच संपले. मग प्रश्न असा, की जीपचं पॅकेज न घेता, एकट्या माणसाला बसने फिरून खरंच प्राणी दिसतात का? का तिथपर्यंत जाऊन नुसती शहरं आणि बस स्टँडच बघून यायचं? टेंटमध्ये झोपणं कितपत सेफ आहे, म्हणजे माणसांपासून पण आणि जनावरांपासून पण? घरी आईला अजून सांगितलेलं नाही, तिला सांगायच्या आधी मला स्वतःला नीट माहिती हवीय.

सॅक_आणि_सडक

दिसतात! आणि जीपमधून दिसतात त्याच्यापेक्षा वेगळे दिसतात. मी २०२४ च्या ऑगस्ट सप्टेंबरमध्ये जवळजवळ हाच रूट केलाय, नैरोबी, नैवाशा, मोंबासा, टांगा, दार एस सलाम, म्बेया, लुसाका, लुआंग्वा, लिव्हिंगस्टन, कसाने, ५१ दिवस. मारा नाही केलं. आजही वाईट वाटत नाही.

पहिलं काम, नैरोबीत दोन दिवसांच्या वर थांबू नकोस, सरळ मटाटू (तिकडची शेअर मिनीबस) पकडून नैवाशाला जा, दीड दोन तासाचा रस्ता आहे, वाटेत रिफ्ट व्हॅलीचा कडा उतरताना खाली सपाट मैदान दिसतं तेव्हा खिडकीची सीट असली तर बरं. नैवाशाहून दुसरी मटाटू तळ्याच्या दक्षिण बाजूने जाते आणि तिथे कॅम्पसाइट आहेत, पिवळ्या सालीच्या बाभळींखाली. तिथून हेल्स गेट नॅशनल पार्क जवळ आहे आणि हे पार्क तुझ्यासारखीसाठीच आहे, कारण केनियात जी मोजकी पार्कं गाडीशिवाय फिरता येतात त्यातलं हे एक. गेटबाहेर सायकल भाड्याने मिळते (ब्रेक तपासून घे, दोन तीन बदलून बघ, घाई करू नकोस), तिकिटाचे पैसे रोख घेत नाहीत, सरकारी ई-सिटिझन पोर्टलवर ऑनलाइन भरायचे, ते आदल्या रात्रीच कर.

सकाळी साडेसहाला मी आत गेलो. दोन्ही बाजूला लाल कातळाचे कडे, मधे सपाट माळ आणि कच्चा रस्ता. पहिला अर्धा तास काहीच नाही आणि मग वळणावर ४० एक झेब्रे रस्त्यातच उभे. मी उतरलो, सायकल आडवी धरून उभा राहिलो. जीपमध्ये बसलेलं असताना आपण माणूस नसतो त्यांच्यासाठी, गाडीचा भाग असतो, पण दोन पायांवर उभं राहिलं की ती बघतात आपल्याकडे, सगळी एकदम, कान पुढे करून. एक नर फुरफुरला आणि पाय आपटला. मी हललो नाही. पाच सात मिनिटांनी त्यांनीच ठरवलं आणि हळूहळू बाजूला झाली, चालताना पोटातला गुडगुड आवाज ऐकू येत होता इतकी जवळ होती ती. त्यानंतर जिराफ, काळवीटासारखी हार्टबीस्ट, रानडुकरं शेपट्या अँटेनासारख्या वर करून पळणारी. हे सगळं पार्काचं तिकीट आणि एका सायकलीच्या भाड्यात.

पार्काच्या आत शेवटी एक अरुंद घळ आहे, ओल न्जोरोवा गॉर्ज, आपल्या सांदणसारखी. तिथे गाइड घेऊनच उतर आणि आभाळ जरा जरी काळं दिसलं, अगदी लांब डोंगरावर जरी दिसलं तरी उतरू नकोस. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये तिथे अचानक लोंढा आला आणि पर्यटक वाहून गेले होते.

आता टेंट. नैवाशाला हिप्पो रात्री पाण्यातून बाहेर येऊन गवत खातात, कॅम्पच्या लॉनवर. बहुतेक ठिकाणी मधे करंटची तार असते आणि रात्री वॉचमन फिरतो, त्याला तिकडे अस्कारी म्हणतात. मी ज्या ठिकाणी होतो तिथे तळ्याचं पाणी वाढून तारेचा एक कोपरा पाण्याखाली गेला होता आणि ते मला कोणी सांगितलं नव्हतं, मी पण विचारलं नव्हतं. टेंट मी हौसेने पाण्याकडे तोंड करून लावला. रात्री दोनच्या सुमारास जाग आली ती आवाजाने. म्हैस चरते तसा, गवत उपटल्याचा, चर्र... चर्र... पण इतका मोठा की मला वाटलं माझ्या उशाशीच आहे. मग एक श्वास, लांब, ओला, भात्यासारखा. टेंटच्या कापडावर चंद्राच्या उजेडात सावली आली आणि ती सावली संपेचना. मी टॉर्च लावला नाही, चेन उघडली नाही, उताणा पडून राहिलो, हात छातीवर. वीस मिनिटं असेल, मला रात्रभर वाटलं. सकाळी बघितलं तर टेंटपासून चार पावलांवर चार बोटांचे ठसे, आणि शेजारच्या झुडपावर शेपटीने उडवलेलं शेण.

अस्कारीने सकाळी मला तळ्याकडे नेऊन त्यांची वाट दाखवली. हिप्पोची वाट एकदा बघितली की विसरत नाही, दोन्ही बाजूचे पाय पडून दोन चर होतात आणि मधे गवताची उंच पट्टी राहते, बैलगाडीच्या चाकोरीसारखी. म्हणाला, बाबा, हिप्पो तुला खायला येत नाही, त्याला पाण्याकडे परत जायचं असतं, तू त्याच्या आणि पाण्याच्या मधे आलास की मेलास. माझा टेंट बरोब्बर त्या वाटेवर होता. तेव्हापासून प्रत्येक कॅम्पला मी आधी टेंट काढतच नाही, आधी तिथल्या वॉचमनला विचारतो, रात्री जनावर कुठून येतं आणि कुठे जातं? तो बोट दाखवतो आणि मी त्या वाटेपासून लांब झोपतो. तूही हेच कर.

मोंबासाला जायला बस नको, ट्रेन घे, २०१७ पासून नवीन लाइन आहे, पाच एक तास. उंच भरावावरून त्सावो पार्कातून जाते, तिथली माती लाल असल्याने हत्ती विटकरी रंगाचे दिसतात, मला एका कळपाला रुळाखालच्या बोगद्याकडे जाताना बघायला मिळालं. दुपारची नको, सकाळची पकड.

दारची_मावशी

मी ११ वर्षं दार एस सलामला आहे, मूळची मिरजेची. बाळा, आधी हे, आईला सांग. लपवून नको जाऊस. इकडे येऊन रोज एक मेसेज करणं सोपं आहे, सिम पासपोर्ट दाखवून लगेच मिळतं.

वरच्या भाऊंनी जनावरांचं छान लिहिलंय, मी कागद आणि पोटाचं लिहिते. यलो फिव्हरची लस निघायच्या किमान १० दिवस आधी, कारण त्याचं कार्ड १० दिवसांनीच लागू धरतात. एकदा घेतली की आता आयुष्यभर चालते. हे कार्ड केनियातून टांझानियात शिरताना बघतात आणि भारतात परत येताना मुंबईला पण बघतात, नसेल तर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. सरकारमान्य सेंटरवरच मिळते ती, आणि गर्दी असते, जूनमध्ये धावपळ करू नकोस, आत्ताच अपॉइंटमेंट घे. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून चालू कर आणि परत गेल्यावर पण सांगितलेले दिवस पूर्ण कर, बरं वाटतंय म्हणून मधे सोडू नकोस. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं, इकडे छोट्या दवाखान्यात पण होतं. नाशिकला पोचल्यावर महिनाभराने जरी ताप आला तरी डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांग की मी आफ्रिकेतून आलेय. आमच्या ओळखीतल्या एकाचे पाच दिवस साधा व्हायरल समजून गेले, वाचला पण फार हाल झाले त्याचे.

व्हिसाचं एक. केनियाला २०२४ पासून व्हिसा नाही, ई-टीए म्हणतात, ऑनलाइन परवानगी. आणि तो १०० डॉलरचा ईस्ट आफ्रिका व्हिसा बघून बरेच जण फसतात, तो केनिया, युगांडा, रवांडा तिघांचाच आहे, टांझानिया त्यात नाही! टांझानियाचा वेगळाच काढायला लागतो. डॉलरच्या नोटा नव्या, कोऱ्या, न दुमडलेल्या आण. जुनी किंवा पेनाने लिहिलेली नोट कोणी हातात घेत नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या दोन्ही देशांत बंद आहेत, आणि केनियाच्या पार्कात प्लॅस्टिकची पाण्याची बाटली पण चालत नाही, स्टीलची आण.

आणि हो, कपडे. आपल्याकडची ट्रेकिंगवाली पोरं मिलिटरी प्रिंटच्या पँटी, टोप्या घालतात ना, त्या घरी ठेव. झांबियात साध्या माणसाने तसले कपडे घालणं गुन्हा आहे, इकडे पण पोलीस अडवतात. गडद निळं आणि काळं पण टाळ, त्सेत्से माशी त्या रंगांवर येते. तिला पकडायचे सापळे पण निळ्या काळ्या कापडाचेच असतात. चावते पण जोरात, कपड्यावरून.

खाण्याची काळजी सोड. तू व्हेज असलीस तरी उपाशी राहणार नाहीस. केनियात चपाती आणि न्देंगू माग, न्देंगू म्हणजे अख्खे मूग, फक्त गूळ आणि गोडा मसाला नाही एवढंच, बाकी आपली उसळच. टांझानियात वाली महारागे, म्हणजे भात आणि राजमा, सोबत कचुंबारी, नावावरूनच कळलं असेल. स्वाहिलीत आपले शब्द भेटले की काय आनंद होतो सांगू, गाडीला गारी, दुकानाला दुका, लाखाला लाकी, विम्याला बिमा, आणि चाय ती चायच. मी पहिल्या वर्षी रडकुंडीला आले की बाजारात जायचे नुसते हे शब्द ऐकायला.

आणखी एक शब्द पाठ करून ये, शिकामू. वयाने मोठ्या माणसाला, ड्रायव्हर असो, भाजीवाली असो, बसमधली आजी असो, पहिल्यांदा हेच म्हणायचं, त्याचा मूळ अर्थ पाय धरते असा आहे. ते मरहबा म्हणतात. आपल्या वाकून नमस्काराचाच भाऊ. एकट्या परदेशी मुलीने शिकामू म्हटलं की ती आजी तुला शेजारी बसवून घेते आणि मग त्या बसमध्ये तुझ्याकडे वाकडं बघायची कोणाची टाप नाही. मी हे दहादा अनुभवलंय. रात्रीची बस मात्र घेऊ नकोस, कितीही दिवस वाचत असला तरी. इकडचे रात्रीचे अपघात फार वाईट.

दारहून म्बेयाकडे जाणारी बस पहाटे मगुफुली स्टँडवरून, म्बेझीला आहे तो. तोच हायवे मिकुमी नॅशनल पार्कच्या मधून जातो, साधारण ५० किलोमीटर, आणि त्याला वेगळं तिकीट नाही! गतिरोधकांवर बस हळू होते आणि खिडकीतून हत्ती, जिराफ, झेब्रे. कुठलं जनावर गाडीखाली आलं तर किती दंड त्याची पाटी लावलीय रस्त्यात, प्रत्येक जनावराचा वेगळा आकडा. आमच्या घरी पाहुणे आले की मी त्यांना २०२४ ला सुरू झालेल्या नव्या ट्रेनने मोरोगोरोपर्यंत नेते आणि तिथून बस, तसं केलं तर मिकुमीतून भर दुपारी जायची वेळ टाळता येते आणि जनावर जास्त दिसतं. मिकुमी गावात एक रात्र राहा. दारला येशील तेव्हा मेसेज कर, थालीपीठ खायला ये.

ताडोबा_बफर

चंद्रपूरहून. वीसेक वर्षं ताडोबाच्या बफरमध्ये काम करतोय, गावातल्या लोकांना तेंदू मोहाच्या दिवसांत सोबत करणं हे पण त्यातलंच, त्यामुळे माणूस आणि जनावर पायी समोरासमोर येतात तेव्हा काय होतं ते जवळून बघितलंय. दोन वर्षांपूर्वी झांबियात साउथ लुआंग्वाला १२ दिवस राहून आलो, स्वतःच्या खर्चाने.

सॅक_आणि_सडक, तुमचं हिप्पोचं वाचून अंगावर काटा आला आणि तुम्ही टॉर्च न लावता पडून राहिलात ते एकदम बरोबर केलंत. पण हेल्स गेटचं तुम्ही जरा सोपं करून सांगताय असं वाटतं. तिथे म्हशी आहेत, आफ्रिकी रानम्हैस म्हणजे आपला गवा नाही. गवा बहुतेक वेळा फुरफुरून पळतो. या रानम्हशींचे कळपातून वेगळे पडलेले म्हातारे नर मात्र झुडपात बसून राहतात आणि तुम्ही दहा पावलांवर येईपर्यंत हलतच नाहीत, मग पळतात ते तुमच्याकडेच. एकटीने जाऊच नये असं नाही म्हणत, पण रस्ता सोडून लेलेश्वाच्या झुडपात फोटोसाठी शिरायचं नाही, आणि शक्यतो गेटवर अजून दोघं तिघं सायकलवाले मिळतील त्यांच्याबरोबर निघायचं. ही अट मी माझ्या मुलीलाही घातली असती.

लुआंग्वाला नक्की जा ताई, बाकी काही कापा पण हे कापू नका. लुसाकाहून चिपाटा बस, चिपाटाहून म्फुवे. पार्कच्या बाहेर नदीकाठी कॅम्प आहेत, टेंट लावायला जागा देतात, आणि पार्क आणि कॅम्पच्या मधे कुंपण नाही. नदीच जी काय ती. जुलै ते ऑक्टोबर पाणी आटतं आणि सगळं नदीवर येतं, तुम्ही कॅम्पच्या कट्ट्यावर बसून राहिलात तरी हत्ती पलीकडून पाणी ओलांडून येताना दिसतात. जीपची ड्राइव्ह रोज घ्यायची गरज नाही. मी १२ दिवसांत चारच घेतल्या, त्यातली एक रात्रीची, रात्री तिथे परवानगी आहे आणि बिबट्या दिसायची शक्यता चांगली. उरलेले दिवस मी एका झाडाखाली बसून काढले. मुंगूस, बबून, पुकू हरणं, पाणी प्यायला येणारा तो एकच सुळा मोडलेला नर हत्ती, रोज तीनच्या सुमारास. चौथ्या दिवशी मला त्याच्या येण्याची वाट कळायला लागली, बबून आधी झाड सोडून सरकायचे. हे जीपमध्ये बसून तासाला २० किलोमीटर पळताना कळत नाही. एक पार्क आणि जास्त दिवस, असं करा.

फळं टेंटमध्ये ठेवायची नाहीत, एक संत्रं पण नाही. हत्तीला वास येतो आणि कापड त्याच्यासाठी कापड नाहीच. कॅम्पवाले आल्या आल्या फळं मागून घेतात, द्या. रात्री टेंटमधून बाथरूमला जायचं तर वॉचमनला टॉर्चने खूण करायची आणि तो आल्यावरच चेन उघडायची. आणि कितीही उकडलं तरी चेन पूर्ण बंद, नुसत्या जाळीत किंवा बाहेर उघड्यावर झोपायचं नाही, तरस उघड्यावर झोपलेल्या माणसाला चावतो. बंद टेंटला सहसा हात लावत नाही.

हत्ती समोर आला तर काय बघायचं ते सांगतो. कान पसरलेले, डोकं वर, मोठ्याने चीत्कार, धूळ उडवणं, म्हणजे तो तुम्हाला सांगतोय की मी इथे आहे, जा. बहुतेक वेळा तो थांबतो. तुम्ही तोंड त्याच्याकडे ठेवून हळू मागे सरका. कान मागे चिकटलेले, डोकं खाली, सोंड आत गुंडाळलेली आणि आवाज नाही, ते खरं. तिथपर्यंत वेळ येऊ द्यायची नाही हाच उपाय. गालावर ओघळ आणि मागच्या पायांवर लघवी गळत असलेला नर दिसला तर तो मदात आहे, लांबूनच रस्ता बदला. सिंहासमोर पळायचं नाही, पाठ करायची नाही, एवढंच.

पायी सफारीची पद्धत लुआंग्वातच सुरू झाली, नॉर्मन कार नावाच्या माणसाने. पार्कात एकट्याने पायी जाता येत नाही, बंदूकधारी स्काउट आणि गाइड बरोबर लागतात, ते महाग वाटेल पण एक सकाळ तरी करा. आमच्या गाइडच्या हातात राखेची छोटी कापडी पुरचुंडी होती, मोज्यासारखी. दर थोड्या वेळाने तो ती झटकायचा आणि राख कुठे उडते ते बघायचा. वाऱ्याची दिशा. आम्ही सहा जण एका ओळीत, बोलणं बंद. एका ठिकाणी त्याने हात वर केला, मला काहीच दिसत नव्हतं. मग झुडपातून एक छोटा पक्षी फर्र आवाज करत उडाला, लाल चोचीचा ऑक्सपेकर, म्हशीच्या पाठीवर बसून गोचिड्या खाणारा. पक्षी आहे म्हणजे पाठ आहे. आम्ही ४० पावलं मागे येऊन वळसा घातला, आणि वळशावरून ती म्हैस दिसली, जिथे आम्ही चाललो होतो तिथेच, सावलीत बसलेली. गाइड काही बोलला नाही, पुरचुंडी परत झटकली आणि चालायला लागला. मी घरी आल्यावर जुन्या पंच्याच्या तुकड्याची तशीच पुरचुंडी शिवून घेतली, आता बफरमध्ये रोज खिशात असते, आमच्या गावातल्या तीन पोरांनीही केलीय.

लोफेल्डचा_रस्ता

थोडं वेगळं मत. मी जोहान्सबर्गला राहतो, इथल्या क्रुगर नॅशनल पार्कला दरवर्षी एकदा तरी जातो. ताईंना कोणी सोबत मिळाली आणि गाडी चालवता येत असेल तर शेवटचे ८-१० दिवस क्रुगरला द्यायचा विचार करा, कारण तिथे स्वतःची साधी भाड्याची कार घेऊन फिरता येतं, गाइड लागत नाही. पार्क साधारण २० हजार चौरस किलोमीटर आहे, आत रेस्ट कॅम्प आहेत कुंपण घातलेले, टेंटला जागा, गरम पाणी, स्वयंपाकाची सोय. डांबरी रस्त्यावर ५० चा स्पीड आणि कच्च्यावर ४०, संध्याकाळी गेट बंद व्हायच्या आत कॅम्पमध्ये यायचं, आणि गाडीतून उतरायचं नाही, खिडकीतून धड बाहेर काढायचं नाही. सटारा कॅम्पच्या आसपास मला सिंह सर्वात जास्त वेळा दिसलेत. फक्त दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा भारतातूनच काढून या, वाटेत जमेल म्हणून सोडू नका.

दोघं वाटून घेतली तर कार परवडते, एकटीला जड जाईल.

नाशिकची_पायवाट

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, मी तीन वेळा वाचलं. काल रात्री आईला सांगितलं. पहिला तास बोललीच नाही, मग मावशींची पोस्ट वाचून दाखवली तर म्हणाली त्यांचा नंबर घे. मावशी, मेसेज केलाय.

प्लॅन बदललाय. क्रुगर यावेळी नाही, पुढच्या वेळी जोडीदार शोधून. मारा नाही. नैवाशा ६ दिवस, मोंबासा ट्रेनने, दार, मिकुमीत दोन रात्री, मग लुआंग्वाला पूर्ण १४ दिवस, तिथेच पैसे घालायचे, चार ड्राइव्ह आणि दोन पायी सफारी. लसीची तारीख १२ मे मिळालीय. कसानेबद्दल कोणीच लिहिलं नाही, लिव्हिंगस्टनपर्यंत गेलेच तर पुढे बोत्सवानातलं चोबे नॅशनल पार्क करावं का? आणि माझा टेंट निळा आहे, त्सेत्सेमुळे तो बदलू का?

सॅक_आणि_सडक

ताडोबा_बफर, म्हशीचं तुमचं मान्य. मी सकाळी एकटा शिरलो ते नशिबाने निभावलं, मी तसं लिहायला हवं होतं. पायवाट, तू सोबत बघूनच नीघ.

चोबे कर, कर, कर. लिव्हिंगस्टनहून काझुंगुला तासाभरात, २०२१ ला पूल झालाय, आधी तराफ्यावरून जायला लागायचं. पलीकडे कसाने. तिथे जीप नको, दुपारची बोट घे, तीन एक तासाची. नदीत मधे सेडुडू नावाचं बेट आहे, गवताचं, बोत्सवाना आणि नामिबिया त्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय कोर्टात गेले होते आणि १९९९ ला ते बोत्सवानाला मिळालं. संध्याकाळी हत्ती तिकडे पोहत जातात चरायला. आमच्या बोटीपासून थोड्या अंतरावरून एक कळप गेला, मोठ्यांची फक्त डोकी आणि वर केलेल्या सोंडा पाण्याबाहेर, आणि मधे एक पिल्लू, त्याचं डोकं पण बुडत होतं, नुसतं सोंडेचं टोक दिसायचं, बुडायचं, परत दिसायचं. मागची हत्तीण त्याला कपाळाने ढकलत होती. पलीकडे चिखलात पाय टेकल्यावर ते पिल्लू आईच्या पोटाखाली जाऊन उभं राहिलं आणि बोटवाल्याने इंजिन बंदच ठेवलं अंधार पडेपर्यंत. गावातल्या रस्त्यावर पण रात्री हत्ती फिरतात, जेवून परत येताना पायी येऊ नकोस, टॅक्सी कर, अंतर कितीही कमी असलं तरी.

टेंट बदलू नकोस. कपडे मात्र खाकी किंवा मातकट घे.

दारची_मावशी

मेसेज मिळाला, आईशी बोलले काल पाऊण तास. येताना अर्धा किलो भाजणी आण, इकडे नाचणी मिळते पण भाजणी नाही.